खड्डा, चाक आणि बैठक



जालना जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, घनसावंगी तालुक्यांत, कुंभार पिंपळगांव हें बाजाराचें गांव आहे. समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब याच तालुक्यांतलें, आणि दक्षिणेकडे गोदावरी वाहते. मुलूख काळ्या मातीचा. कापूस, ऊस आणि मोसंबी हीं इकडचीं पिकें. अशा गांवाच्या रस्त्यावर घटकाभर उभें राहिलें, तर एकाच खड्ड्यावरून तीन निरनिराळीं वाहनें जातांना दिसतात. प्रथम बैलगाडी येते. चाक खड्ड्यांत उतरतें, धाडकन् आवाज होतो आणि गाडीवानाचें अंग कमरेपासून मानेपर्यंत हादरतें. मागून माल व माणसें दाटून भरलेली तीनचाकी रिक्षा येते. ती उडते, आदळते आणि पुढें बराच वेळ डुलत जाते. शेवटीं, एखाद्या लग्नाच्या वा निवडणुकीच्या निमित्तानें आलेली उंच व आलिशान मोटार, जिला हल्लीं एस्‌यूव्ही म्हणतात, तीहि त्याच खड्ड्यावरून जाते. तिचेंहि चाक तितकेंच खालीं जातें. पण आंत बसलेल्या गृहस्थाच्या हातांतील पाण्याचा पेला हिंदकळत नाहीं.

खड्डा एकच, पृथ्वीचें आकर्षणहि एकच. मग हा भेद उत्पन्न झाला कोठें? चाक आणि बैठक यांच्या मधल्या हातभर जागेंत. त्या जागेंत जी यंत्ररचना असते तिला मोटारीच्या कारखान्यांत सस्पेन्शन म्हणतात. ती काय करते, आणि काय करूं शकत नाहीं, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

प्रथम रस्त्याविषयीं दोन शब्द. काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आटून भेगाळते. तिच्यावर अंथरलेली खडी आणि डांबर यांना या श्वासोच्छ्‌वासाबरोबर उठावें आणि बसावें लागतें. त्यामुळें मराठवाड्यांतील पुष्कळ रस्ते, जेथें खड्डे नाहींत तेथेंहि, लाटांसारखे वर-खालीं झालेले असतात. म्हणजे चाकाला दोन प्रकारचे त्रास होतात: खड्ड्याचा एकाएकीं बसणारा दणका, आणि लाटेचें लांबलचक हेलकावणें. या दोहोंवर एकच औषध चालत नाहीं, हें पुढें दिसून येईल.

बैलगाडींत चाक, आंख आणि साटी हीं एकमेकांस घट्ट बांधलेलीं असतात. लोखंडी धांवेवर बसलेला धक्का आरे, तुंबा आणि आंख यांतून जसाचा तसा वर चढतो. तरीहि शेंकडों वर्षें ही गाडी चालली, याचें कारण तिचा मंद वेग. बैल ताशीं चार किलोमीटर चालतो असें धरलें, आणि मोटार ताशीं साठ, तर मोटारीचा वेग पंधरापट झाला. आघाताची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून तेवढ्याच वजनाला तोच उंचवटा सव्वादोनशेंपट शक्तीनें आदळतो. वाहनें जलद झालीं आणि धक्का झेलण्याची विद्या आवश्यक ठरली, ती यामुळें.

या विद्येचें पहिलें साधन म्हणजे स्प्रिंग. १६७८ सालीं रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानें असा नियम प्रसिद्ध केला कीं, स्प्रिंग जितकी ताणावी किंवा दाबावी तितक्याच प्रमाणांत तिचा प्रतिकार वाढतो. आणि जोर काढतांच ती मूळ जागीं येते. मूळ जागीं येण्याचा हा गुण सर्व लोखंडांत सारखा नसतो. जालना शहर लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथली घरबांधणीची सळई वाकविली तर वाकलेलीच राहते, आणि घराच्या कामीं तोच तिचा गुण आहे. स्प्रिंगेचें पोलाद निराळें. तें तापवून, तेलांत विझवून व पुन्हां बेतानें तापवून असें तयार करतात कीं, लक्षावधि वेळां लवूनहि तें पूर्ववत् व्हावें.

१८०४ सालीं लंडनच्या ओबडाया एलियट यानें कमानदार पाट्यांच्या स्प्रिंगेचा हक्क नोंदविला, आणि घोडागाडीच्या खालचा जड लांकडी सांगाडा त्यामुळें अनावश्यक झाला. एकावर एक रचलेले हे पाटे टांग्याखालीं असत, आणि ट्रकांखालीं ते आजहि दिसतात. पाटे लवतांना एकमेकांवर घासतात, आणि त्या घर्षणानें स्प्रिंगेची उसळी थोडीबहुत मरते. परंतु हें घर्षण बिनभरंवशाचें आहे: गंज चढला तर पाटे आखडतात, वंगण पडलें तर फार सैल होतात.

स्प्रिंग किती मऊ असावी? याचें उत्तर गणितानें देतां येतें. गाडीच्या वजनानें स्प्रिंग सहा सेंटिमीटर दबत असेल, तर धक्क्यानंतर गाडी सेकंदाला सुमारें दोन वेळां वर-खालीं होईल. अकरा सेंटिमीटर दबत असेल तर दीड वेळां. आणि पंचवीस सेंटिमीटर दबत असेल तर एक वेळ. आतां मनुष्याच्या शरीराकडे पाहावें. सेकंदाला चार ते आठ अशीं उभीं कंपनें शरीराला सर्वांत अधिक जाचतात, कारण छाती व पोट यांतील अवयव त्याच तालांत हलूं लागतात. उलट, चार-पांच सेकंदांत एक असा फारच संथ हेलकावा असला, तर जहाजांतल्याप्रमाणें मळमळ सुटते. चालतांना मनुष्याचें शरीर सेकंदाला सुमारें दोन वेळां वर-खालीं होतच असतें, आणि त्याचा त्रास कोणासच होत नाहीं. म्हणून आरामशीर मोटारीची चाल सेकंदाला एक ते दीड या बेतांत ठेवतात.

परंतु स्प्रिंगेचा एक मोठा दोष आहे. ती धक्का घेते, पण पचवीत नाहीं. घेतलेला धक्का ती लगेच परत करते. झोपाळ्याला एकदां झोका दिला म्हणजे तो कितीतरी वेळ हलत राहतो, तशी केवळ स्प्रिंगेवर बसविलेली मोटार एका खड्ड्यापायीं दूरवर नाचत जाईल. कुंभार मडकीं गाडींत भरतांना खालीं पेंढा घालतो, गादी किंवा रबर घालीत नाहीं, यांत मोठें शहाणपण आहे. पेंढा दबतो, पण उसळत नाहीं. धक्का त्याच्या काड्यांच्या घासण्यांत जिरून जातो.

मोटारींत पेंढ्याचें काम करणाऱ्या नळकांड्यास कारागीर शॉकअब्सॉर्बर म्हणतात. त्याची रचना रंगपंचमीच्या पिचकारीवरून सहज समजते. पिचकारींत तेल भरून तिचें तोंड बंद केलें, आणि दट्ट्यालाच बारीक भोकें पाडलीं, तर दट्ट्या हळू ढकलतांना तेल त्या भोकांतून निमूटपणें पलीकडे जाईल; जोरानें ढकलूं गेल्यास तेंच तेल हट्टानें अडवील. चाक उसळलें कीं दट्ट्या तेलांतून सरकतो आणि उसळीची शक्ति तेलाच्या घर्षणांत खर्च होते. ती नाहींशी होत नाहीं, तिची उष्णता होते. खराब रस्त्यावरून दूरवर आलेल्या मोटारीचें हें नळकांडें हाताला गरम लागतें, तें यामुळेंच. म्हणजे स्प्रिंग वजन पेलते आणि शॉकअब्सॉर्बर उसळी मारतो. हीं दोन निरनिराळीं कामें आहेत.

येथें विषयाचा खरा गाभा येतो. सामान्य समजूत अशी कीं, सस्पेन्शन हें प्रवाशाच्या सुखासाठीं असतें. तें अर्धेंच खरें आहे. तिचें पहिलें कर्तव्य चाक जमिनीला टेकलेलें ठेवणें हें होय. एवढ्या प्रचंड मोटारीचा जमिनीशीं संबंध केवळ चार ठिकाणीं असतो, आणि प्रत्येक ठिकाणीं टेकलेला रबराचा भाग एका मोठ्या पोस्टकार्डाहून फारसा अधिक नसतो. मोटार वळते, थांबते आणि सांवरते ती या चार तुकड्यांच्या आधारानें. चाक उसळून अधर झालें, तर तेवढ्या क्षणापुरता ब्रेक असून नसल्यासारखा आणि सुकाणूं असून नसल्यासारखें.

आणि अडचण अशी कीं, चाकाला दोन धनी आहेत. बैठकीवरचा धनी म्हणतो, ‘स्प्रिंग मऊ ठेव, तेल सैल ठेव.’ रस्त्यावरचा धनी म्हणतो, ‘आंवळून धर, नाहींतर वळणावर मोटार कलेल आणि ब्रेक लावतांच नाक खालीं घालील.’ उंच एस्‌यूव्हींत हा तंटा अधिकच विकोपास जातो. ती दोन-सव्वादोन टन वजनाची असते, तिचा भारमध्य उंच असतो, तिनें शेताच्या बांधावरून जावें आणि महामार्गावरहि धांवावें अशी धन्याची इच्छा असते. गेल्या पाऊणशें वर्षांत या वाहनाच्या सस्पेन्शनमध्यें ज्या सुधारणा झाल्या, त्या सर्व या तंट्याच्या तडजोडी आहेत.

१९४८ सालीं अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत लँड रोव्हर ही गाडी प्रथम मांडण्यांत आली. ती पाट्यांवर उभी होती. कष्टाळू, पण हाडें खिळखिळीं करणारी. १९७० सालीं त्याच कारखान्यानें रेंज रोव्हर काढली, तेव्हां पाट्यांच्या जागीं वेटोळ्याच्या लांब स्प्रिंगा आल्या. वेटोळें पाट्याप्रमाणें स्वतःशीं घासत नाहीं, आणि चाकाला वर-खालीं जावयास अधिक जागा देतें. शेतावरची गाडी आणि सुखाची गाडी यांचें लग्न तेथें लागलें. ही कंपनी २००८ सालीं टाटांच्या मालकीची झाली, आणि २०२४ पासून रेंज रोव्हरची जुळणी आपल्या पुण्यासहि होऊं लागली.

दुसरी सुधारणा आंखाची. दोन चाकें एका अखंड आंखावर असलीं म्हणजे डावें चाक दगडावर चढतांच उजवेंहि तिरपें होतें. आलिशान मोटारींत प्रत्येक चाक स्वतंत्र भुजांवर टांगलेलें असतें. एकाचें दुःख दुसऱ्याला भोगावें लागत नाहीं. शिवाय चाक व त्याच्याबरोबर उसळणारे भाग हलके करण्याकडे कल असतो, कारण हलकें चाक खड्ड्याबरोबर चटकन् खालीं जातें आणि चटकन् वर येतें. जड चाक हवेंत राहतें.

तिसरी सुधारणा हवेची, आणि आजच्या महागड्या एस्‌यूव्हीचें मुख्य वैशिष्ट्य हेंच. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दांडा दाबला, तर आंतली हवा स्प्रिंगेसारखी उलटी ढकलते, हा अनुभव सर्वांस आहे. १९५५ सालीं फ्रान्समध्यें सित्रोएन कंपनीनें आपल्या डी. एस. मोटारींत वायु आणि तेल यांच्या जोडीनें वजन पेलण्याची योजना केली. १९५७ सालीं अमेरिकेच्या कॅडिलॅकनें आपल्या एका अत्यंत महाग मोटारीस हवेच्या स्प्रिंगा बसविल्या. आणि १९९२ सालीं त्या रेंज रोव्हरमध्यें आल्या.

पोलादाच्या स्प्रिंगेत एक जात्याच उणीव आहे. सात माणसें व सामान यांचा भार पेलण्याइतकी ती कठीण केली, तर एकटा चालक बसला असतां ती टणक लागते. एकट्यासाठीं मऊ केली, तर भरली गाडी बूड टेकते. हवेचें तसें नाहीं. चाकाजवळ रबरी वेष्टनाचा एक मजबूत फुगा असतो. भार वाढून मोटार खालीं आली कीं, तेथील उंचीमापक तें ओळखतो, मोटारींतला पंप फुग्यांत आणखी हवा भरतो आणि मोटार पूर्वीच्या उंचीवर येते. हवा अधिक दाटल्यामुळें स्प्रिंगहि भाराच्या प्रमाणांत कठीण होते, आणि मोटारीची चाल, भरली असो वा रिकामी, जवळजवळ सारखीच राहते. त्याच युक्तीनें ओढ्यांतून जातांना मोटार कांहीं सेंटिमीटर उंच करतां येते, आणि वेगानें जातांना खालीं घेतां येते.

या विद्येसाठीं मराठवाड्याच्या बाहेर पाहावयास नको. छत्रपति संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत ऑडी क्यू-७ या एस्‌यूव्हीची जुळणी होते, आणि तिच्या चारी चाकांवर असेच हवेचे फुगे असतात. याच शहरांतील व्यापारी व उद्योजक मंडळींनीं २०१० च्या ऑक्टोबरांत १५० मर्सिडीज मोटारी एकदम खरेदी केल्या, तेव्हां ती वार्ता देशभर गाजली होती. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागांत आलिशान मोटार आतां नवलाची राहिलेली नाहीं.

चौथी सुधारणा शॉकअब्सॉर्बरची. तेलाचीं भोकें एकाच मापाचीं असलीं कीं, तीं एका धन्यास रुचतात आणि दुसऱ्यास खुपतात. म्हणून आतां तेथें विजेच्या झडपा असतात. चाकाची उसळी मोजून यंत्रगणक सेकंदाच्या हजारांश भागांच्या हिशेबांत ती झडप सैल वा आंवळ करतो. दुसऱ्या एका प्रकारांत तेलांत लोखंडाचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. भोंवतीं विजेनें चुंबकत्व उत्पन्न केलें कीं, ते कण रांगेनें उभे राहतात आणि तेल एकदम घट्ट होतें. या द्रवाचा शोध अमेरिकेंत जेकब रॅबिनो यानें १९४० नंतरच्या दशकांत लावला. मोटारींत तो २००२ सालीं कॅडिलॅकनें आणला. पुढचें पाऊल असें कीं, धक्का बसण्याची वाटच पाहूं नये. २०१३ सालीं मर्सिडीजच्या एका मोटारीस कॅमेऱ्याचे डोळे देण्यांत आले. पुढचा उंचवटा पाहून चाकें अगोदरच तयार होतात. २०१८ सालीं दाखविलेल्या तिच्या जी. एल. ई. या एस्‌यूव्हींत ४८ व्होल्टच्या विजेवर चालणारे पंप प्रत्येक चाकाला स्वतंत्रपणें उचलूं वा दाबूं शकतात, आणि मोटारसायकलस्वार वळणावर आंत झुकतो तशी ही मोटारहि झुकते.

इतकें झाल्यावर असा ग्रह होणें साहजिक आहे कीं, दोन्ही धन्यांचा तंटा आतां मिटला. तो मिटलेला नाहीं. बैठकीवरच्या धन्याचें समाधान मात्र पुरेपूर झालें आहे, आणि धोका तेथेंच आहे.

पूर्वीच्या मोटारींत चालकाला वेगाची सूचना कानांनीं, हातांनीं आणि पाठीच्या कण्यानें मिळत असे. ताशीं ऐंशींवर पत्रा खडखडूं लागे, आणि मनुष्य आपोआप सावध होई. आलिशान एस्‌यूव्हींत ताशीं १२० किलोमीटर वेग बैठकीवर साठीसारखा वाटतो. समृद्धि महामार्ग जालना जिल्ह्यांतून जातो. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ५ जून २०२५ रोजीं पूर्णपणें खुला झाला, आणि मोटारींस त्यावर ताशीं १२० ची मर्यादा आहे. साठांवरून १२० वर गेलेल्या मोटारीला ब्रेक लावल्यावर थांबावयास चौपट अंतर लागतें; हवेचे फुगे आणि चुंबकी तेल यांनीं हा हिशेब बदलत नाहीं. उंच मोटार एकाएकीं वळविली असतां उलटण्याचा संभव चाकांमधील रुंदी आणि भारमध्याची उंची यांवर ठरतो. सस्पेन्शन तो थोडा कमी करतें, नाहींसा करीत नाहीं. बैठक जितकी निश्चळ, तितकी वेगाच्या कांट्याकडे नजर अधिक हवी.

दुसरी गोष्ट देखभालीची. शॉकअब्सॉर्बर एकदम मोडत नाहीं. तो महिनोन् महिने हळूहळू निकामी होतो, आणि बसणाऱ्यास त्याची संवय होत जाते. नळकांड्यावर तेलाचा ओघळ, टायरवर ठिकठिकाणीं खोलगट झीज, ब्रेक लावतांना नाक फार खालीं जाणें, रात्रभर उभी राहिलेली हवेची मोटार सकाळीं एका कोपऱ्यावर बसलेली दिसणें, हीं त्याचीं व फुग्यांचीं लक्षणें. टायरमधील हवा हाहि सस्पेन्शनचाच पहिला थर आहे, आणि ती तपासावयास फारसा खर्च येत नाहीं.

तिसरी गोष्ट कुंभार पिंपळगांवच्या रस्त्याची. १९५८ ते १९६० या काळांत अमेरिकेंत इलिनॉय प्रांतीं रस्त्यांची मोठी परीक्षा घेण्यांत आली. तींतून असें निघालें कीं, आंखावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारें सोळापट होते. तेव्हां काळ्या मातीवरचा रस्ता मोडतो तो पाण्यानें आणि अतिभारित वाहनांनीं. आलिशान मोटारीकडे त्याचा दोष फार थोडा जातो. परंतु रस्त्याची तक्रार ज्याच्या तोंडून वजनदार ठरते, तो मनुष्य बहुधा याच मोटारींत बसलेला असतो, आणि त्याला खड्डा लागतच नाहीं. खड्डा लागतो तो मागच्या रिक्षांतल्या बाजारकरणीला, मोसंबीच्या करंड्यांना, आणि तालुक्याच्या दवाखान्याकडे नेल्या जाणाऱ्या बाळंतिणीला. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून धांवत आहे. तिच्यांतील आडव्या निजलेल्या रोग्यास प्रत्येक आदळणें सर्वांगांत भोगावें लागतें, आणि त्याच्यासाठीं चालकाला वेग कमी करावा लागतो. ज्या वेळीं घाई सर्वांत अधिक, त्याच वेळीं रस्ता गति कमी करावयास लावतो.

चाक आणि बैठक यांच्या मधल्या हातभर जागेंत मनुष्याच्या बुद्धीनें जें साधलें आहे, तें कौतुकास्पदच आहे. त्या जागेच्या खालीं जो रस्ता आहे, तो मात्र कोणत्याहि मोटारीबरोबर विकत मिळत नाहीं. म्हणून अशा मोटारींतून गांवीं जाणाऱ्या सज्जनांनीं एकदां तरी शेवटचे चार मैल रिक्षांतून जाऊन पाहावे. रस्त्याच्या दुरुस्तीसाठीं कोणता अर्ज कोणाकडे करावयाचा, हें मग त्यांना निराळें सांगावें लागणार नाहीं.